टॉवर बंद पडला तर निरोप कसा जाईल?

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी आपल्या बडोद्यात शिरले, तेव्हा आमच्या इमारतीत काय झाले ते आधी सांगतो. तळमजला पाण्यात होता, वीज गेलेली होती. पहिला दिवस मोबाईल चालले. दुसऱ्या दिवशी बहुधा टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या आणि पडद्यावरच्या रेघा गेल्या. आमच्या वरच्या मजल्यावरील एका आजींचे इन्सुलिन संपत आले होते. त्यांचा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याच्याकडे औषध होते. इमारतीत निदान तीस फोन होते, त्यांतले बरेच पॉवर बँकेवर चार्ज केलेले. तरीही हा एवढा निरोप दोन गल्ल्या ओलांडून गेला नाही. शेवटी ट्यूब घेऊन पोहत आलेल्या एका तरुणाने तो पोचवला.

पाणी ओसरल्यावर पुण्याच्या भाच्याला फोनवर विचारले, "काय रे, एवढे फोन शेजारी शेजारी असताना ते एकमेकांशी का बोलू शकत नाहीत?" तो या क्षेत्रातला इंजिनियर. म्हणाला, "बोलू शकतात, मामा. जोडणं अवघड नाहीच. निरोप वेळेत आणि नक्की पोचेल याची हमी देणं अवघड आहे." मी बी.कॉम., सारी नोकरी बँकेत. 'हमी' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. त्यानंतर वर्षभर त्याला छळून आणि थोडे वाचून जे समजले, ते सभासदांसाठी लिहीत आहे.

आपला मोबाईल नेहमी टॉवरशी बोलतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोन लावला तरी आवाज आधी टॉवरकडे जातो. टॉवर हा शाखेच्या मॅनेजरसारखा असतो. कोणी कधी बोलायचे, कोणाला किती वेळ, हे तो ठरवतो. टॉवर नसलेल्या जाळ्याला 'अ‍ॅड हॉक' नेटवर्क म्हणतात. अ‍ॅड हॉक कमिटी आपल्याला ठाऊक आहे. काम निघाले की बसते, काम संपले की उठते. या जाळ्यात प्रत्येक यंत्र ग्राहकही असते आणि कारकूनही. स्वतःचे निरोप पाठवते आणि दुसऱ्याचे पुढे ढकलते. मॅनेजर कोणीच नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात असे रेडिओ करून पाहिले, कारण रणांगणावर टॉवर कोण उभारणार?

आता सेवेचा दर्जा म्हणजे काय ते पाहू. एका वेळी किती माहिती जाते, पोचायला किती उशीर होतो, तो उशीर सारखा असतो की कमीजास्त होतो, आणि वाटेत किती माल हरवतो, या चार गोष्टी मोजतात. प्रत्येक कामाची गरज वेगळी. फोनवरच्या संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर माणसे सहज बोलतात. ४०० च्या पुढे गेला की दोघे एकदम बोलू लागतात. मधला एखादा शब्द गळला तरी मात्र चालते. लेखी निरोपाचे याच्या उलट. दहा सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही, पण 'दोन गोळ्या नकोत' मधला 'नकोत' गळून चालणार नाही. आपल्याकडे आरटीजीएस, एनईएफटी आणि चेक असे वेगळे रस्ते याच कारणाने आहेत.

मग अडचण कुठे आहे? पहिली आणि सर्वांत मोठी अडचण हवेची. तारेच्या जाळ्यात प्रत्येक जोडीची स्वतंत्र तार असते. इथे हवा सगळ्यांना मिळून एकच. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने 'अलोहा' नावाचे रेडिओ जाळे सुरू केले. त्यात मध्यवर्ती केंद्र होते, पण ज्याला बोलायचे त्याने बोलावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा नियम होता. या पद्धतीत हवेचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, असे गणित निघते. बाकीचा रिकामेपणात आणि टकरींत जातो. पुढे 'आधी ऐका, शांत असेल तरच बोला' हा नियम आला. आजचे वायफाय त्यावरच चालते.

पण ऐकूनही भागत नाही. समजा, माझ्या गच्चीवर एक यंत्र आहे, दोन गल्ल्या पलीकडे दुसरे, आणि मधल्या इमारतीवर तिसरे. मधल्याला आम्ही दोघेही ऐकू येतो, पण आम्हाला एकमेकांचे ऐकू येत नाही. मी ऐकले तर शांतता, त्याने ऐकले तरी शांतता. दोघे एकदम बोललो आणि मधल्याच्या कानात नुसता गोंधळ. यावर उपाय असा की आधी मधल्याला छोटी परवानगी मागायची. तो "बोल" म्हणाला की ते आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाते आणि बाकीचे गप्प बसतात. उपाय चांगला आहे, पण परवानगी मागण्यातही हवा खर्च होतेच.

शिवाय एकच निरोप चार उड्या मारून जाणार असेल, तर हवा चार वेळा वापरली जाते, आणि जवळच्या उड्या एकाच वेळी होऊ शकत नाहीत. २००१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी लांब साखळीचा हिशेब मांडला. उत्तम परिस्थितीत एका उडीच्या वेगाचा चौथा हिस्सा शेवटपर्यंत मिळायला हवा, प्रत्यक्षात वायफायच्या नियमांनी साधारण सातवा हिस्सा मिळत होता. त्याच्या आदल्या वर्षी पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी सिद्ध केले होते की अशा जाळ्यात माणसे वाढत जातात तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो. हे वाचल्यावर मी भाच्याला म्हटले, "म्हणजे सभासद वाढवले की प्रसादाचा लाडू लहान!" तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

उपायांपैकी मला सर्वांत ओळखीचा वाटला तो प्राधान्याचा. २००५ मध्ये वायफायच्या नियमांत चार रांगा आल्या: आवाज, चित्रफीत, साधे काम, आणि सवडीचे काम. आवाजाच्या रांगेतल्याला बोलण्यापूर्वी कमी थांबावे लागते, म्हणून त्याचा नंबर बहुधा आधी लागतो. 'बहुधा' म्हणालो, कारण ही हमी नव्हे. आमच्या शाखेत एकदा अर्जंटचा शिक्का आणला होता. महिन्याभरात प्रत्येक व्हाउचरवर तो दिसू लागला आणि अर्जंटची रांगच सर्वांत लांब झाली.

खरी हमी द्यायची तर आधी 'नाही' म्हणता यायला हवे. कर्ज मंजूर करताना आपण निधी पाहतो, मगच सही करतो. नेटवर्कमध्येही तसेच, वाटेवरच्या प्रत्येक यंत्राने तेवढी जागा आहे का ते पाहून ती राखायची, नसेल तर नवीन संभाषण घ्यायचे नाही. मात्र इथे माझी शिल्लक फक्त माझी नसते. शेजाऱ्याने हवा वापरली की ती माझ्याही खात्यातून वजा होते. आणि वाटेवरचा एक जण खिशात फोन घेऊन चालू लागला, तर त्याच्याकडे राखलेली जागा कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

कोलंबिया विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'इन्सिग्निया' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात राखीव जागा कायमची नसते. निरोप वाहत आहेत तोवर ती ताजी होत राहते, थांबले की आपोआप सुटते. खात्यावर लीन लावून विसरून गेलेले कारकून मी पाहिले आहेत, म्हणून ही युक्ती मला फार पटली. तिच्यात अजून एक शहाणपण आहे. किमान इतके हवे आणि जमल्यास इतके, अशा दोन पातळ्या अर्जदारच सांगतो. रस्ता अरुंद झाला की वरचा थर काढून टाकतात आणि किमान तेवढे चालू ठेवतात.

रस्ता निवडण्यातही खोच आहे. कमीत कमी उड्यांचा रस्ता चांगला, असे कोणालाही वाटेल. पण लांब उडी अनेकदा फसते. दोन उड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक उडीला सरासरी दोन प्रयत्न लागत असतील तर एकूण चार. तीन उड्यांचा रस्ता पहिल्याच प्रयत्नात पार पडत असेल तर एकूण तीन. म्हणून आता उड्यांऐवजी अपेक्षित प्रयत्न मोजतात.

या सगळ्यानंतर आम्ही सोसायटीत तीन छोटी रेडिओ यंत्रे घेतली. ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, त्या पट्ट्यात कमी शक्तीच्या यंत्रांना आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यांवर मेशटॅस्टिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फोन ब्लूटूथने यंत्राला जोडायचा आणि निरोप लिहायचा. नेहमीच्या मांडणीत वेग सेकंदाला सुमारे एक किलोबिट, म्हणजे आवाज विसरा. एका निरोपात दोनशेच्या आसपास बाइट मावतात आणि तो भरला तर एका उडीला दीड-दोन सेकंद हवा अडते.

पहिल्याच चाचणीत फजिती झाली. मी मराठीत ऐसपैस पत्र लिहिले आणि ते मावेना. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. 'इन्सुलिन' लिहायला चोवीस बाइट लागतात, रोमन लिपीत सात. म्हणून आम्ही नेहमीच्या निरोपांना आकडे दिले आहेत. १ म्हणजे औषध हवे, २ म्हणजे रुग्णाला हलवायचे, ३ म्हणजे पिण्याचे पाणी, ९ म्हणजे आम्ही सुखरूप. आकड्यापुढे विंग आणि फ्लॅट नंबर.

वाद झाला तो ९ वर. माझे म्हणणे, पहिले सहा तास ९ कोणी पाठवूच नये, हवा १ आणि २ साठी मोकळी राहू द्यावी. एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सुरतेच्या लेकीला आईचं बरं आहे एवढं कळणं हेही औषधच की." मला उत्तर देता आले नाही. सध्या असे ठरले आहे की प्रत्येक विंगेने तासाला एकदा सगळ्यांचा मिळून एकच ९ पाठवायचा, आणि ज्याच्या गच्चीवर मधले यंत्र आहे त्याने त्याची बॅटरी स्वतःच्या फोनसाठी वापरायची नाही. दुसऱ्या अटीवर अजून सही झालेली नाही, कारण मधले यंत्र माझ्याच गच्चीवर आहे आणि घरात पॉवर बँक एकच आहे.