दहा मायक्रॉनची राखण

वेगवान गाडी दारात उभी राहिली की विचारणा ठरलेली असते. ताकद किती, पिकअप कसा, शंभरचा काटा किती सेकंदांत गाठते? पत्र्यावर जस्त आहे का, हे कुणी विचारत नाही. गाडी वीस वर्षं धावणार की आठ-दहा वर्षांत भंगारात जाणार, याचा निकाल मात्र बहुतेकदा तिथेच लागतो. मोटारीच्या पत्र्यावरचा हा जस्ताचा थर साधारण १० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. गाडीची खरी राखण तो करतो.

जालना जिल्ह्यातल्या आपल्या मंठ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. त्याच कंपनीची ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. आपल्या रस्त्यांवर तेव्हा इंडिका आणि जीपगाड्यांचं राज्य होतं, त्यामुळे तिचा दरारा मोठा. पुढे २००७ पासून ऑडीच्या गाड्याही इथेच जोडल्या जाऊ लागल्या. अशा गाड्या मंठ्याच्या बाजारपेठेत रोज दिसत नाहीत. पण त्यांच्या पत्र्यामागचं शास्त्र गावातल्या बोलेरोला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही तितकंच लागू पडतं, म्हणून ते समजून घ्यायचं.

या गाड्यांच्या पत्र्यावर जस्त आलं ते युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यामुळे. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही; मिठाचं प्रमाण नेमकं साधलं तर ते उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहतं. रस्ता मोकळा होतो, पण तेच पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. अमेरिकेतलं डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. तिथल्या मराठी मंडळींपैकी अनेकांची उमेदीची वर्षं याच धंद्यात गेली. त्याच शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर, मिठाची खाण आहे. गाड्या घडवणारं शहर, आणि त्याच्याच तळाशी त्या गाड्या खाणारं मीठ!

सत्तरच्या दशकात महागड्या गाड्याही पाच-सात हिवाळ्यांत दारांच्या खालून झडू लागल्या, तेव्हा कारखानदारांना जाग आली. पोर्शने १९७५ मध्ये आपल्या ९११ या वेगवान गाडीसाठी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला पत्रा वापरायला घेतला आणि पत्रा आरपार गंजणार नाही अशी सहा वर्षांची हमी दिली. ऑडीने १९८५ मध्ये ऑडी १०० ची संपूर्ण बॉडी जस्ताच्या मुलाम्याची केली. ऑक्टाव्हियाचा पत्रा त्याच परंपरेतला.

आपल्याला हे तंत्र अनोळखी नाही. गोठ्यावरचे जीआय पत्रे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खातात ते जस्ताच्याच जोरावर. गंज ही मुळात विजेची क्रिया आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की पत्र्यावर अगदी बारीक बॅटऱ्या तयार होतात आणि लोखंड झिजू लागतं. पाण्यात क्षार असला की ते वीज सहज वाहून नेतं, म्हणून खाऱ्या पाण्यात गंज झपाट्याने धरतो. जस्त लोखंडापेक्षा चटकन झिजणारा धातू आहे. दोघं एकमेकांना लागून असले की आधी जस्त जातं आणि लोखंड वाचतं. गाडीला ओरखडा पडून लोखंड उघडं झालं, तरी कडेचं जस्त काही काळ त्याला सांभाळून घेतं. रंगाला हे जमत नाही. रंग उडाला की तिथली राखण संपली.

म्हणून कारखान्यात आधी जस्त, आणि जस्तावर फॉस्फेटचा थर देतात. मग सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग दारांच्या आतल्या आणि पायदानाखालच्या पोकळ्यांतही जाऊन बसतो, जिथे कुणाचा ब्रश पोचणार नाही. त्यानंतर भट्टीत भाजणी. आपण हौसेने निवडतो तो लाल किंवा पांढरा रंग या सगळ्याच्या वर येतो.

आता मंठ्याचं. इथे बर्फ नाही, रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. पण डिकीत खताची पोती येतात. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपलं लाल पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराईड. रस्त्यावरच्या मिठाचं सख्खं भावंड. पेरणी यंत्राच्या खताच्या डब्याचा पत्रा सगळ्यात आधी का जातो, हे शेतकऱ्याला विचारा. फुटक्या पोत्यातले चार दाणे डिकीच्या गालिच्याखाली गेले आणि वर दमट हवा लागली की तिथे बारा महिने खारं पाणी. दुसरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत थापली जाते, वाळल्यावर वरून कडक होते आणि आतली ओल आठवडाभर धरून ठेवते.

हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते खरी, पण रात्री थंडगार पत्र्यावर दव धरतं. गंजाला तेवढी ओल पुरते. त्यातही सायलेन्सरकडे लक्ष हवं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी दूर गेली तर ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून बसस्थानकापर्यंत जाऊन परत आली, तर थंड सायलेन्सरमध्येच साचतं आणि त्याला आतून खातं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी जालन्याच्या किंवा जिंतूरच्या रस्त्याला लावून अर्धा तास सलग चालवावी.

टर्बो इंजिनाला थंडी मानवते. हवा दाट असते, त्यामुळे गाडी जोरात ओढते. मोह इथेच आवरायचा. पहाटे तेल घट्ट असतं. ते गरम होईपर्यंत इंजिनाला ताण देऊ नये. रुंद, वेगासाठी घडवलेल्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होतं आणि पकड सुटते. शेजारच्या परभणीत पारा ५ अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पहाटे दव पडलेल्या डांबरावर, त्यातून उसाच्या ट्रॉल्यांनी माती सांडलेल्या वळणावर, १५० अश्वशक्ती जपूनच सोडायची.

वॉशिंग सेंटरला गाडी रॅम्पवर चढली की मालक बहुधा चहाला जातो. त्याने तिथेच थांबावं. दाराच्या खालच्या कडेला बोटभर अंतरावर बारीक छिद्रं असतात. काच खाली-वर करताना आत उतरलेलं पाणी तिथून गळतं. वाळलेल्या मातीने ती बुजलेली असतात. काडीने टोकरलं की आधी काळा गाळ येतो, मग तांबूस पाणी, शेवटी स्वच्छ धार. पायदानाखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. निरोगी पत्रा टणटण वाजतो. जिथे बद्द आवाज येतो, तिथे आतून काम सुरू झालंय.

अपघातानंतरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० हून जास्त अंश लागतात. वेल्डिंग केलं की जोडाभोवतीचं जस्त उडून जातं. वर लांबी भरून रंग मारला की काम झकास दिसतं, पण दोन पावसाळ्यांत तिथेच फोड येतो. जस्तयुक्त प्रायमर मारल्याशिवाय लांबी लावू द्यायची नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

हंगाम संपला की नांगराच्या फाळाला जळकं ऑइल चोळून ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कॅनडात राहणारे दर वर्षी हिवाळ्याआधी गाडीच्या पोकळ्यांत गंजरोधक तेलाचा फवारा मारून घेतात. बुद्धी तीच. आपल्याला तर दिवसही ठरवून दिलेला आहे. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. पावसाळा सरलेला आणि थंडी यायची असते, म्हणजे तपासणीला याहून चांगली वेळ नाही. हार घालण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा. पोट आणि मडगार्ड धुऊन कोरडे करा, छिद्रं मोकळी करा, उडालेल्या रंगावर प्रायमर लावा, पोकळ्यांत गंजरोधक मेण किंवा तेल सोडा. ब्रेकच्या डिस्कवर आणि रबरावर मात्र तेलाचा थेंब पडू देऊ नका.

जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळया करतात. तिथे लोखंडाला दुसरा जन्म मिळतो, पण जे गंजून झडून गेलं ते भट्टीलाही परत मिळत नाही. जमिनीतून काढलेलं, कोळसा जाळून शुद्ध केलेलं, शेकडो हातांनी घडवलेलं लोखंड असं मातीत जाऊ देणं मला पटत नाही. कारखान्याने १० मायक्रॉनचा पहारा बसवून दिला आहे. त्याला वर्षातून एक दिवस आपली साथ हवी.