बॅटरीच्या पोटात – भाग ६ : घातलेलं मीठ

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगारात विजेची बस आलेली कळत नाही. डिझेलच्या घरघरीत ती शेजारी येऊन उभी राहते आणि कंडक्टरने "नाशिक, नाशिक" म्हटल्यावर माणसं दचकून मागे वळतात. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली-ठाणे-नाशिक मार्गावरच्या विजेच्या बसना याच आगारातून झेंडा दाखवला गेला होता. धूर नाही, आवाज नाही. ती बस चालवणाऱ्या बॅटरीसाठी धूर आणि सांडपाणी कुठे झालं, हे मात्र खोपटला उभं राहून दिसत नाही.

गेल्या आठवड्यात आपण ऋण टोक, म्हणजे ग्रॅफाइट, बघितलं. आज धन टोक, कॅथोड. ही एक काळी, काजळासारखी बोटाला चिकटणारी पूड असते. ती गोंदात कालवून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सारवतात. सेलमधलं लिथियम मुळात हिच्यातूनच येतं, आणि सेलच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटाही हिचाच असतो.

पूड बनते कशी, हे समजायला मी परवा खिडकीत एक उद्योग केला. बागकामाच्या दुकानातून मोरचूद आणला. पंचवीस ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवला, निळंशार पाणी झालं. त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी हळूहळू ओतलं. फसफसून हिरवट-निळा साका तयार झाला आणि तळाशी बसू लागला. (मोरचूद विषारी आहे. भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. मी घेतलं आणि बोलणी खाल्ली.)

निकेलवाली कॅथोड पूड कारखान्यात अशाच चालीने सुरू होते. निकेल, कोबाल्ट आणि मँगनीजची सल्फेटं पाण्यात विरघळवतात, त्यात कॉस्टिक सोडा आणि अमोनिया सोडतात आणि कोमट टाकीत तासन्‌तास ढवळतात. हायड्रॉक्साइडचे दाणे हळूहळू वाढत गोल होतात. राजगिऱ्यासारखे गोल, पण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे. गोल हवेत, कारण गोल दाणे दाटीवाटीने बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते. मग धुवायचं, वाळवायचं, लिथियम हायड्रॉक्साइड मिसळायचं आणि खापरी ताटल्यांत भरून ७०० ते ९०० अंशांच्या भट्टीत, ऑक्सिजनच्या झोतात भाजायचं.

आता माझ्या भांड्याकडे परत या. साका गाळून वाळवला तर साधारण अकरा ग्रॅम भरायला हवा. वर राहिलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात चौदा ग्रॅम सोडियम सल्फेट विरघळलेलं आहे. म्हणजे हवा होता त्या मालापेक्षा नको असलेलं मीठ जास्त! निकेलच्या बाबतीतही हिशेब असाच निघतो. एक टन निकेल हायड्रॉक्साइड पाडायला दीड टनाच्या वर सोडियम सल्फेट तयार होतं. कागदावर रेणुभार मांडले की कुणालाही हे काढता येईल, त्यात गुपित काही नाही. शिवाय दाणे धुवायला पाणी लागतं ते वेगळंच.

गंमत अशी, की बरेचदा हे निकेल आधी चक्क धातू असतं. ते ॲसिडात विरघळवून सल्फेट करायचं, मग तेच ॲसिड सोड्याने मारायचं, आणि दोघांच्या भांडणातून निघालेलं मीठ पाण्याबरोबर सोडायचं किंवा पैसे खर्चून आटवायचं. सोडियम सल्फेट काही जहर नव्हे. डिटर्जंटमध्ये, काचेत खपतं. पण टनाला दीड टन म्हटल्यावर घेणार कोण? डोंबिवलीकरांना हे निराळं सांगायला नको. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस आणि २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता बघितलेल्या गावाला, कारखान्याच्या मागच्या दाराने काय निघतं ते पुढच्या दाराच्या मालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून आज जे नवे प्रयत्न चालले आहेत त्यांतले मला पटणारे सगळे एकच काम करतात : जे पुढे धुऊन काढावं लागणार, ते आत घालतच नाहीत. सल्फेटऐवजी थेट धातूची भुकटी घ्यायची. कॅनडाची नॅनो वन कंपनी लिथियमसकट सगळे घटक एकाच भांड्यात एकत्र आणते. २०२२ मध्ये तिने क्यूबेकमधल्या कांडियाकचा लोह-फॉस्फेट कॅथोडचा कारखानाच विकत घेतला. दुसरा रस्ता पूर्ण कोरडा : दळायचं, मिसळायचं, भाजायचं. त्यात पाणी नाही, पण पंचाईत दाण्याची. पाण्यात तिन्ही धातू अणूअणूने मिसळतात, तसं कोरड्या दळणात सहजी जमत नाही.

आणि निकेल-कोबाल्ट टाळलंच तर? लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढींचं आहे. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं (पाढींचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?). लोखंड स्वस्त, फॉस्फेट खताच्या धंद्यातलं. खोड एकच, ही पूड वीज नीट वाहू देत नाही. त्यावरचा तोडगा आपल्या राज्याला आवडावा असा आहे : साखर. पुडीत साखर किंवा ग्लुकोज मिसळून नायट्रोजनमध्ये सातशे अंशांच्या आसपास भाजतात. साखर करपते, पण हवा नसल्याने पेटत नाही. तिचा कोळसा दाण्यादाण्यावर बसतो आणि वीज धावू लागते. हवा शिरली तर मात्र लोखंड गंजतं आणि घाणा वाया जातो.

पण एलएफपी आहे म्हणजे स्वच्छ आहे, असं समजू नका. लोखंडाचं सल्फेट आणि अमोनियाचं फॉस्फेट वापरलं तर मागे अमोनियम सल्फेट उरतं. ते निदान शेतकरी घेतात. लोखंडाच्या भुकटीवर फॉस्फोरिक ॲसिड चालवलं तर तेही उरत नाही.

खोपटचा या धंद्याशी संबंध एसटीपुरता नाही. आगारापासून जवळच, कॅडबरी कंपनीसमोर, निओजेन केमिकल्सचं कार्यालय आहे. १९८९ साली हरिदास कानानी यांनी सुरू केलेली ही कंपनी महापेच्या कारखान्यातून ब्रोमीन आणि लिथियमची संयुगं विकू लागली, तेव्हा लिथियमचं गिऱ्हाईक बॅटरी नव्हतं. उष्णतेवर चालणाऱ्या मोठ्या शीतयंत्रांत लिथियम ब्रोमाइडचं पाणी लागतं, ते गिऱ्हाईक होतं. २०२३ मध्ये कंपनीने जपानच्या एमयू आयोनिक सोल्यूशन्सकडून इलेक्ट्रोलाइटचं तंत्रज्ञान घेतलं, आणि कारखाना गुजरातेत दहेजकडे. इलेक्ट्रोलाइट म्हणजे सेलमधला रस्सा. कॅथोड ही त्यातली फोड, तिचं काम वेगळं. पुडीच्या बाजूने हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संस्थेने एलएफपीचं तंत्र अल्टमिन कंपनीला दिलं आहे. आपल्याकडे हे कारखाने आत्ता कुठे उभे राहताहेत. सल्फेटच्या टाक्या एकदा रोवल्या की पंधरा-वीस वर्षं कुणी उपटत नाही, तेव्हा कच्चा माल म्हणून काय घेणार, हे विचारायची वेळ पाया खणण्याआधीची.

माझं भांडं अजून खिडकीत आहे. पाणी आटत आलंय आणि काठाला पांढरे स्फटिक धरलेत. कुठे टाकू, हे ठरत नाही.

(पुढच्या आठवड्यात : मेलेल्या बॅटऱ्यांचं भंगार.)