हार्लेमची जागा कोणाची?

अमेरिकन निवडणुकांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा अध्यक्षपदाच्या लढतीविषयी. प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा दर दोन वर्षांनी लढविल्या जातात आणि त्यांतील फार मोठ्या संख्येच्या जागांचा निकाल मतदानापूर्वीच सर्वांना ठाऊक असतो, या गोष्टीकडे क्वचितच लक्ष जाते. न्यूयॉर्क शहरातील हार्लेमची जागा हा अशा जागांचा नमुना मानता येईल. 1945 च्या जानेवारीपासून 2017 च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे तब्बल 72 वर्षांत, या जागेवर दोनच माणसे बसली : आधी अ‍ॅडम क्लेटन पॉवेल आणि त्यांच्यानंतर चार्ल्स रँगेल. या अवधीत मतदारसंघाचा क्रमांक बावीस, सोळा, अठरा, एकोणीस, पुन्हा सोळा, पंधरा आणि तेरा असा बदलत गेला, सीमा सरकत राहिल्या, वस्ती पालटली; डेमोक्रॅटिक पक्षाची पकड तेवढी ढळली नाही. जेथे नोव्हेंबरात टाकलेल्या मताने काहीच ठरत नाही, तेथे मतदाराचा अधिकार नेमका कोठे वास करतो, हा प्रश्न या इतिहासाच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

मुळात ही जागा हार्लेमला मिळाली तीच उशिरा. दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबांचे लोंढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्तरेच्या शहरांत येऊ लागले आणि दहा-पंधरा वर्षांत हार्लेम ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची जणू राजधानी बनली. 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करीत होते, ते या वस्तीला अगदी लागून आहे. दुर्बल समाजाने आपला प्रतिनिधी स्वतः निवडावा की इतरांनी त्याच्यासाठी निवडावा, हा वाद आपल्याकडे 1932 मध्ये पुणे करारापर्यंत येऊन पोहोचला, तेव्हाही हार्लेमला स्वतःचा असा मतदारसंघ नव्हता. कारण साधे होते. न्यूयॉर्क राज्याने 1911 नंतर आपल्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्याच नव्हत्या. वस्ती वाढत गेली, पण ती वेगवेगळ्या मतदारसंघांत विभागलेली राहिली. कायद्याने मताधिकार होता. त्या मताची बेरीज मात्र होत नव्हती. नव्या सीमा अमलात आल्या 1944 मध्ये, आणि त्याच वर्षी हार्लेमने पॉवेल यांना निवडून दिले.

पॉवेल हे अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. 1941 मध्ये ते न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले होते. तेथे तेव्हा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत असल्यामुळे सीमारेषांचा अडसर आला नव्हता, हे विसरता कामा नये. 1944 मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका जिंकल्या. एकाच उमेदवाराने अनेक पक्षांची उमेदवारी मिळविण्याची मुभा त्या काळी न्यूयॉर्कमध्ये होती. शेजारच्या पूर्व हार्लेमचे डावे प्रतिनिधी व्हिटो मार्कँटोनिओ या मुभेचा वारंवार लाभ घेत असत. त्यांना आवरण्यासाठी 1947 मध्ये कायदा बदलण्यात आला आणि 1950 मध्ये डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन व लिबरल या तिन्ही पक्षांनी मिळून एकच उमेदवार उभा करून त्यांचा पराभव केला. पक्षयंत्रणा मनात आणते तेव्हा तिला नियम आणि वैरी दोन्ही सोयीचे करून घेता येतात!

पॉवेल यांच्याबाबतीत मात्र यंत्रणेचे गणित चुकले. 1956 मध्ये त्यांनी अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिला, म्हणून टॅमनी हॉल या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या स्थानिक डेमोक्रॅटिक संघटनेने 1958 च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला. हार्लेमने पॉवेल यांनाच प्रचंड बहुमताने परत पाठविले. 1961 मध्ये ते शिक्षण व कामगारविषयक समितीचे अध्यक्ष झाले. हे पद त्यांना मिळाले ते ज्येष्ठतेच्या नियमाने, आणि त्यांच्याआधी तेथे होते उत्तर कॅरोलिनाचे वर्णभेदाला अनुकूल असलेले ग्रॅहम बार्डन. दक्षिणेतील सुरक्षित जागांवर पिढ्यान्‌पिढ्या बसून गोऱ्या सभासदांनी ज्या ज्येष्ठतेच्या बळावर नागरी हक्कांची विधेयके रोखून धरली, त्याच ज्येष्ठतेने हार्लेमच्या सुरक्षित जागेला सत्तेपर्यंत नेले. किमान वेतनाचे, शाळांना संघराज्याकडून साहाय्य देण्याचे, दारिद्र्यनिर्मूलनाचे असे साठच्या दशकातील महत्त्वाचे कायदे याच समितीतून पुढे गेले. सुरक्षित जागेवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे.

त्या जागेची दुसरी बाजूही याच माणसाने दाखविली. समितीच्या पैशावर प्रवास, पत्नीचे नाव कर्मचाऱ्यांच्या वेतनपटावर, सभागृहातील दीर्घ अनुपस्थिती असे आरोप त्यांच्यावर झाले. त्यात हार्लेममधील एका विधवेने त्यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा जिंकला आणि पॉवेल यांनी भरपाई देण्याचे टाळले. परिणामी न्यूयॉर्कमध्ये पाय ठेवला तर अटक, अशी स्थिती ओढवली. 1 मार्च 1967 रोजी प्रतिनिधिगृहाने 307 विरुद्ध 116 मतांनी त्यांना सभासदत्व नाकारले. वस्तुतः सभागृहानेच नेमलेल्या चौकशी समितीची शिफारस होती ती त्यांना जागा द्यावी, पण दंड व निर्भर्त्सना करावी अशी. ती झुगारून देण्यात आली.

11 एप्रिलला पोटनिवडणूक झाली. उमेदवार पॉवेल तेव्हा बहामा बेटांपैकी बिमिनी येथे होते. तरीही हार्लेमने त्यांना सुमारे 86 टक्के मते दिली. या मतदारांना आरोप ठाऊक नव्हते असे समजणे भाबडेपणाचे होईल. आरोपांहून मोठा प्रश्न त्यांना दिसत होता : आमचा माणूस बरा की वाईट हे आम्ही ठरवायचे, की इतर राज्यांतून आलेल्या तीनशे सभासदांनी? पॉवेल यांनी मात्र ही जागा स्वीकारलीच नाही. जवळजवळ दोन वर्षे चार लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा मतदारसंघ प्रतिनिधीवाचून राहिला. 1968 च्या नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. जानेवारी 1969 मध्ये सभागृहाने त्यांना आत घेतले ते 25,000 डॉलर दंड ठोठावून आणि सारी ज्येष्ठता काढून घेऊन. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारांच्या बाजूने कौल दिला. वय, नागरिकत्व आणि राज्यातील वास्तव्य या घटनेत नमूद केलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या विजयी उमेदवाराला सभागृह प्रवेश नाकारू शकत नाही, असा तो निवाडा होता. सरन्यायाधीश वॉरन यांनी तो लिहिला आणि आठपैकी सात न्यायमूर्ती त्या बाजूचे होते. न्याय मिळाला, पण गमावलेली दोन वर्षे आणि समितीचे अध्यक्षपद परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

आणि मग ज्याला सभागृह हटवू शकले नाही, त्याला मतदारांनीच हटविले. 1970 च्या जूनमधील प्राथमिक निवडणुकीत रँगेल यांनी पॉवेल यांचा सुमारे दीडशे मतांनी पराभव केला. स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहण्यापुरत्या सह्याही पॉवेल यांना जमविता आल्या नाहीत. 1972 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. एप्रिल 1967 चे 86 टक्के आणि जून 1970 चे हे दीडशे, या दोन आकड्यांत विरोध पाहण्याचे कारण नाही. बाहेरच्यांनी हात घातला तेव्हा हार्लेमने तो झिडकारला; हिशेब घरातला झाला तेव्हा तो चुकता केला. तो चुकता करण्याची जागा होती प्राथमिक निवडणूक, सार्वत्रिक नव्हे.

रँगेल यांनी कोरियन युद्धात शौर्यपदक मिळविले होते. पॉवेल यांच्याइतके ते नाट्यमय नव्हते. चिवट मात्र होते. करविषयक कायदे ज्या 'वेज अँड मीन्स' समितीत घडतात तिचे 2007 मध्ये अध्यक्ष झालेले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांची करसवलत काढून घेणारी 1987 ची तरतूद त्यांच्या नावाने ओळखली जाते. 1993 च्या कायद्यान्वये दरिद्री शहरी वस्त्यांत भांडवल आणण्याची जी योजना सुरू झाली तीही प्रामुख्याने त्यांचीच, आणि हार्लेमला तिचा मोठा वाटा मिळाला. दुकाने आली, इमारती सावरल्या. त्याचबरोबर घरभाडी चढली आणि अनेक जुन्या कुटुंबांना ती झेपेनाशी झाली. भाडेवाढीचे सारे श्रेय वा दोष एका योजनेला देणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही, कारण त्या वर्षांत सगळ्या मॅनहॅटनमध्येच जमिनीचे भाव चढत होते. परंतु ज्या वस्तीच्या बळावर ही जागा उभी होती ती वस्ती तिच्या प्रतिनिधीच्या यशाच्या काळातच विरळ होत गेली, ही वस्तुस्थिती उरते. दुसरीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांनी उत्तरेचा वॉशिंग्टन हाइट्स हा भाग भरून गेला होता, आणि 2012 च्या फेररचनेत ब्राँक्सचाही काही भाग मतदारसंघाला जोडला गेला.

तोवर रँगेल यांच्यावरही पॉवेल यांच्यासारखीच वेळ आली होती. आर्थिक व्यवहारांतील गैरवर्तनाबद्दल 2 डिसेंबर 2010 रोजी सभागृहाने 333 विरुद्ध 79 मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. जागा मात्र काढून घेतली नाही. 1969 च्या निवाड्याने घालून दिलेली मर्यादा आता सर्वांना पाठ होती. 2012 मध्ये डोमिनिकन वंशाचे आद्रियानो एस्पायात यांनी त्यांना प्राथमिक निवडणुकीत आव्हान दिले. मतमोजणी सुमारे दोन आठवडे रेंगाळली आणि जेमतेम हजारभर मतांनी रँगेल वाचले. ज्यांचे वडील पोर्टो रिकोचे होते त्या रँगेल यांना त्या प्रचारात आपल्या या नात्याची आठवण बरीच झाली. 2014 मध्येही ते निभावले. 2016 मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांनी आपला कौल हार्लेमचेच असलेल्या कीथ राइट यांना दिला.

त्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी नऊ जण रिंगणात होते. न्यूयॉर्कमध्ये प्राथमिक निवडणुकीत त्या त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतात. सात लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या मतदारसंघात पन्नास हजारांहूनही कमी मते पडली. त्यांपैकी सुमारे 36 टक्के मिळवून एस्पायात विजयी झाले. राइट यांच्याहून त्यांना हजार-बाराशे मतेच अधिक होती. नोव्हेंबरात याच एस्पायात यांना नव्वद टक्क्यांच्या जवळपास मते पडली. लहानपणी कागदपत्रांवाचून या देशात राहिलेला हा माणूस 2017 च्या जानेवारीत हार्लेमचा प्रतिनिधी म्हणून शपथ घेता झाला. त्या नऊ उमेदवारांच्या यादीत अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे नावही होते. ते होते जुन्या पॉवेल यांचे चिरंजीव. 1994 मध्ये आणि 2010 मध्ये रँगेल यांच्याविरुद्ध ते हरले होते, आणि या वेळी तर ते फारच मागे पडले.