मौनाचा कट

रहस्यपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा एकाच गोष्टीविषयी बोलत असतो. गुन्हेगार कोण, हे आधी कळले होते की नाही? ज्याला कळले होते तो मिशीला पीळ देतो, ज्याला कळले नव्हते तो दिग्दर्शकाला शाबासकी देतो, आणि घराची पायरी चढेपर्यंत दोघेही चित्रपट विसरून जातात. ज्याविषयीची मते अर्धे शतक लोटले तरी मिटत नाहीत, असा चित्रपट क्वचितच निपजतो. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हा त्यांपैकी एक. हा चित्रपट पुन्हा पाहून येळ्ळूर येथील आमच्या काही वाचकांनी आपापली मते आम्हांस पत्रांनी कळविली आहेत. ती परस्परविरोधी आहेत, स्पष्ट आहेत, आणि निव्वळ करमणुकीच्या स्तंभात घालून मोकळे व्हावे अशी नाहीत. म्हणूनच त्यांचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

ज्यांना चित्रपटाची आठवण पुसट झाली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे, तर कथा साधी आहे. एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला आणि आता दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर भटकत भटकत एका गावात येतो. गावावर साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील यांचे राज्य आहे. पाटील त्याला आश्रय देतात, खाऊपिऊ घालतात. एके दिवशी मास्तरांच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. सैन्यातून गावी परतलेला आणि गोरगरिबांच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस नाहीसा झालेला आहे. त्याचे पुढे झाले काय, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारू लागतात आणि विचारीतच राहतात. विजय तेंडुलकरांची लेखणी, रामदास फुटाणे यांची निर्मिती, आणि श्रीराम लागू व निळू फुले या दोन नटांची पडद्यावरील झुंज यांनी हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवापर्यंत पोहोचविला. मारुती कांबळेविषयीचा तो प्रश्न तर मराठी माणसाच्या बोलण्यात म्हणीसारखा रुळून गेला. कोठे काही दडपले जात आहे असा संशय आला, की आजही तोच प्रश्न ओठांवर येतो.

आता पत्रांकडे वळू. एका वाचकाची तक्रार अशी, की रहस्यपट म्हणून ‘सामना’ फसला आहे. कारण अपराध कोणाचा, हे निम्मा चित्रपट होण्यापूर्वीच ध्यानात येते. मग उरले काय? ही तक्रार आम्हांस वरवर रास्त, पण मुळात चुकीची वाटते. भयनाट्याचा बादशहा मानला गेलेला हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याला दिलेल्या मुलाखतीत यातला भेद फार सोप्या दाखल्याने समजावून दिला होता. दोघेजण मेजाशी गप्पा मारीत बसले आहेत आणि मेजाखाली ठेवलेला बाँब अकस्मात फुटला, तर प्रेक्षक काही क्षण दचकेल. पण तो बाँब तेथे आहे आणि अमुक वेळी फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागेल. दचकविणे वेगळे आणि जीव टांगणीला लावणे वेगळे. ‘सामना’ने दुसरी वाट धरली आहे. मारुती कांबळेचे काय झाले हे पाटलांना ठाऊक आहे आणि गाव ते उमगून आहे. थोड्याच वेळात आपणांसही ते कळते. श्वास रोखून आपण वाट पाहतो ती एवढ्याचसाठी, की हे तोंडाने बोलणार कोण!

चित्रपटाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. कट म्हटला की अंधारी खोली, दबके आवाज, सांकेतिक खुणा असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण मारुती कांबळेच्या गावात असे काहीच नाही. तेथे कारखाना आहे, सहकार आहे, सभा आहेत, हारतुरे आहेत, सगळे कसे दिवसाढवळ्या चाललेले. कट म्हणावयाचाच तर तो मौनाचा आहे आणि त्यात सारे गाव सामील आहे. कोणी भीतीने, कोणी भाकरीने, कोणी केवळ सवयीने.

सत्य दडपण्याची ही रीत आपल्याच मुलखापुरती आहे असेही नव्हे. ग्रीसमधील लोकप्रतिनिधी लाम्ब्राकिस यांच्यावर १९६३ च्या मे महिन्यात सालोनिका शहरात भर रस्त्यात हल्ला झाला आणि काही दिवसांनी त्यांचा अंत झाला. तो वाहनाचा अपघात होता, असे भासविण्याची खटपट झाली. या प्रकरणावर कोस्टा-गाव्रास याने १९६९ साली ‘झेड’ हा चित्रपट काढला, तेव्हा ग्रीसमध्ये लष्करशहांचा अंमल होता आणि चित्रीकरण अल्जीरियात करावे लागले. प्रत्यक्षातील घटनांशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, असे छापण्याची चित्रपटवाल्यांची रूढी. या चित्रपटाने मात्र हे साम्य हेतुपुरस्सर आहे असे आरंभीच बजावले. त्या प्रकरणाचा तपास नेटाने करणारे न्यायाधीश सार्त्झेताकिस यांनी १९८५ साली ग्रीसचे राष्ट्राध्यक्षपद भूषविले. एकच प्रश्न नेटाने विचारीत राहणाऱ्या माणसाचे बळ किती, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

दुसऱ्या एका पत्रातील सूचना अधिक महत्त्वाची आहे. हे वाचक लिहितात, की सीमाभागाच्या प्रश्नावरही असाच एखादा चित्रपट निघावा आणि मराठी माणसाविरुद्ध झालेला कट जगासमोर यावा. राजहंसगडाच्या कुशीत, भाताच्या शिवारात वसलेल्या येळ्ळूरच्या माणसाने ही इच्छा धरावी यात नवल नाही. ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक या गावाने अनेक दशके आपल्या वेशीवर जपला. जुलै २०१४ मध्ये तो हटविण्यात आला, गावकऱ्यांवर पोलिसांच्या लाठ्या बरसल्या, आणि त्यानंतर न्यायालयाच्या तारखा वर्षानुवर्षे चालल्या. ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत त्याने कटाची शंका घेऊ नये, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

तरीही आमचे या वाचकास नम्रपणे विचारणे आहे, की यात गुप्त असे काय होते? फलक हटविला गेला तो न्यायालयाच्या आदेशाने, आणि लाठीमार झाला तो कॅमेऱ्यांच्या देखत. त्याच्याही मागे जा. राज्य पुनर्रचनेचा कायदा १९५६ साली झाला, तो संसदेत. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ साली आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव मात्र देऊ नये, हे त्या अहवालात काळ्यावर पांढरे करून लिहिलेले आहे. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. सारी कागदपत्रे उघडी आहेत. दुःख आहे ते त्यांतील प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही याचे. कट शोधणाऱ्याला एक दिवस खलनायक सापडतो आणि तो समाधानाने झोपी जातो. प्रश्न विचारणाऱ्याला ती सोय नसते. त्याला मास्तरांसारखे रोज तेच विचारावे लागते. लोक हसले तरी, आणि कंटाळले तरी.

तिसरे पत्र मात्र आम्ही दोनदा वाचले. ते एका तरुण वाचक भगिनीचे आहे आणि अवघ्या आठ-दहा ओळींचे आहे. त्यांनी विचारले आहे, की हिंदुराव धोंडे पाटील कोणती भाषा बोलतात? ते अस्सल मराठी बोलतात. ते या मातीतले आहेत, महाराष्ट्रातले आहेत. ज्या राज्यात जाण्यासाठी आमच्या आजोबांनी तुरुंग पाहिला, त्याच राज्यातले. मग मारुती कांबळेचे मारेकरी नेहमी परमुलखातून येतात, असे आपण का धरून चालतो? आणि आपल्याच गल्लीत कोणाच्या बाबतीत आपण गप्प बसलो आहोत, याची चौकशी कोणी करावयाची?

या प्रश्नाने काही जणांना राग येईल. लढा चालू असताना घरातील उणी काढू नयेत, ही आपली जुनी शिकवण आहे आणि तिच्यात व्यवहारही आहे. परंतु आमचे मत या भगिनीच्या बाजूने पडते. बाहेरच्या अन्यायावर बोट ठेवणाऱ्याचा आवाज स्वच्छ असावा लागतो, आणि तो घरातील अन्यायाविषयी बोलल्यानेच स्वच्छ राहतो. शेताच्या बांधावर ज्याची जागा खाल्ली गेली, ज्याची मजुरी बुडाली, ज्याला गावकीने दूर ठेवले, त्याची दाद गावातच लागली नाही, तर त्याने मराठी राज्यासाठी घसा का कोरडा करावा? मराठी भाषकांचे राज्य मागणे न्याय्यच आहे. पण ते राज्य मारुती कांबळेलाही आपले वाटले पाहिजे, ही त्या मागणीचीच अर्धी बाजू आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार आणि शेतमजूर मोठ्या संख्येने उतरले, ते नकाशावरील रेषेसाठीच केवळ नव्हे.

जब्बार पटेल यांनीच १९७९ साली अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ काढला. त्यात तर मंत्रालयापासून कामगार संघटनेपर्यंत सगळीच कारस्थाने आहेत, आणि ती सारी उलगडूनही झोपडीतल्या माणसाच्या ताटात काही पडत नाही. कट उघडकीस आला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे त्या चित्रपटाने शिकविले. ‘सामना’ने त्याच्याही आधी सांगून ठेवले होते, की न्यायाचा आरंभ एका साध्या, चारचौघांत मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाने होतो. त्या प्रश्नासमोर अखेरीस हिंदुरावांची सत्ताही टिकली नाही.

दरवर्षी साहित्य संमेलन भरविणाऱ्या आणि कुस्तीच्या मैदानाला गर्दी करणाऱ्या येळ्ळूरला शब्दाची आणि बळाची, दोहोंची किंमत ठाऊक आहे. तेथील वाचकांनी एका जुन्या चित्रपटाच्या निमित्ताने आपसांत वाद घातला, हे आम्हांस शुभचिन्ह वाटते. त्यांनी दिल्लीला आणि बेंगळुरूला आपला प्रश्न जरूर विचारीत राहावे. त्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. मात्र तोच प्रश्न, त्याच आवाजात, आपल्या गावच्या चावडीवरही विचारावा. तेथे तो विचारणे अधिक अवघड आहे, कारण उत्तर द्यावयास समोर आपलीच माणसे बसलेली असतात.