ताप ‘येतो’, भूक ‘लागते’, मग ‘अ‍ॅम’ कुठून आलं?

तिसरीच्या वर्गातली एक मुलगी बाकावर डोकं टेकून बसली होती. मी जवळ गेले, तर हळूच म्हणाली, ‘‘बाई, फीवर केम.’’ कपाळाला हात लावला. चांगलंच तापलं होतं. तिच्या आईला बोलावून तिला घरी पाठवलं, पण ते दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. आपल्याकडे ताप येतोच. तिनं तो इंग्रजीतही येऊ दिला. अशा वेळी मुलाला ‘चूक’ म्हणून गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या चुकीमागे पक्का विचार असतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तेव्हापासून मराठी शाळेतली मुलं सहाव्या वर्षीच ‘आय अ‍ॅम’ म्हणू लागली. पण माणूस कसा आहे, त्याला काय होतंय, हे सांगणारे इंग्रजी शब्द शिकवताना आपण मोठी माणसंच काही चुकीच्या समजुती त्यांच्या हाती देतो.

सगळ्यांत घट्ट बसलेली समजूत म्हणजे ‘अ‍ॅम, इज, आर म्हणजे आहे’. ‘मी शाळेत आहे’ या वाक्यात ती जोडी जुळते. ‘माझ्याकडे दोन पेन्सिली आहेत’ म्हटलं, की इंग्रजीला ‘हॅव’ लागतं. ‘मला माहीत आहे’ याला नुसतं ‘आय नो’ पुरतं. ‘मला मान्य आहे’चं ‘आय अ‍ॅग्री’ होतं. पण ज्याला ‘आहे म्हणजे अ‍ॅम’ असं शिकवलंय, ते मूल प्रामाणिकपणे ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ म्हणतं. उलट बाजूनेही तेच. ‘मी दमले’ यात ‘आहे’ कुठेच नाही, म्हणून वहीत ‘आय टायर्ड’ येतं.

खरा फरक याच्याही खाली आहे. मराठीत भूक लागते, राग येतो, भीती वाटते, थंडी वाजते. अवस्था कुठून तरी येते आणि माणसाला गाठते. म्हणून आपण ‘मी’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणतो. वाक्याचा कर्ता भूक, कर्ता राग. माणूस तो सोसणारा. इंग्रजीत माणूस स्वतःच कर्ता होतो: आय अ‍ॅम हंग्री, आय अ‍ॅम अँग्री, आय अ‍ॅम कोल्ड. तापाच्या बाबतीत इंग्रजी आणखी तिसरंच करतं, ताप माणसाजवळ ‘असतो’: आय हॅव अ फीवर. हे मुलांना मराठीतूनच सांगावं लागतं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की इंग्रजी बिघडतं, हा धाक मी कधीच सोडून दिला. फळ्यावर एका बाजूला ‘मला भूक लागली’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आय अ‍ॅम हंग्री’ लिहिलं, ‘मला’ आणि ‘आय’ भोवती गोल काढले, की आठ वर्षांच्या मुलालाही काय बदललं ते दिसतं.

दुसरी समजूत: क्रियापद म्हणजे काहीतरी केल्याचं दाखवणारा शब्द. मग मुलं विचारतात, ‘‘बाई, ‘नो’मध्ये कोण काय करतंय?’’ प्रश्न रास्त आहे. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञानं १९५७ मध्ये क्रियापदांचे चार गट मांडले. धावणं नुसतं चालू राहतं, वर्तुळ काढणं पुरं व्हावं लागतं, शिखर गाठणं एका क्षणात घडतं. आणि माहीत असणं, प्रेम असणं या निव्वळ अवस्था. त्यांत हालचाल नसते. म्हणून इंग्रजीत ‘आय अ‍ॅम नोइंग’ चालत नाही. आपण मात्र ‘मला कळतंय’, ‘मला आवडतंय’ सहज म्हणतो, त्यामुळे मुलांचा पाय इथे हमखास घसरतो.

पण ‘अवस्थेला आयएनजी कधीच नाही’ असा नियमही घोकून घेऊ नये. ‘ही इज नॉटी’ म्हणजे तो मुळातच खोडकर. ‘ही इज बीइंग नॉटी’ म्हणजे एरवी तसा नसेलही, आत्ता खोड्या करतोय. पहिल्या वाक्यात मुलाचा स्वभाव सांगितला जातो, दुसऱ्यात त्या घडीचं वागणं. माझ्या मते शिक्षकानं हा भेद शिकवावाही आणि पाळावाही.

‘बोअर’चा घोळ तर घरोघरी आहे. ‘मला बोअर होतंय’ हे आता मराठीच झालं. त्याचं मूल ‘आय अ‍ॅम बोरिंग’ करतं आणि नकळत ‘मी कंटाळवाणी आहे’ असं सांगून बसतं. कंटाळा आणणारं ते बोरिंग, कंटाळलेलं ते बोअर्ड. ‘कंटाळवाणा’ आणि ‘कंटाळलेला’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, की पुढे फार समजवावं लागत नाही.

आणि ‘अ‍ॅम, इज, वॉज, बी’ ही रूपं कुठून तरी गोळा केली आहेत, त्यांना काही धरबंध नाही, असंही पालक म्हणतात. गोळा केलेली आहेत हे खरंच. पण ज्या घरांतून आली, ती आपल्या ओळखीची आहेत. ‘अ‍ॅम’ आणि ‘इज’ यांचं मूळ संस्कृतातल्या ‘अस्मि’, ‘अस्ति’शी एक आहे. ‘बी’चं नातं ‘भू’ धातूशी, ज्यातून आपलं ‘होणे’ आलं. ‘वॉज’चं नातं राहण्याच्या ‘वस्’शी. मोठ्या मुलांना हे सांगितलं, की ती परक्या शब्दांकडे जरा आपुलकीनं बघू लागतात.

राहिला ‘अस्लीप’. विशेषण नामाच्या आधी येतं, असं पाठ केलेली मुलं ‘अ‍ॅन अस्लीप बेबी’ लिहितात. तसं चालत नाही. ‘द बेबी इज अस्लीप’ किंवा ‘अ स्लीपिंग बेबी’. कारण या शब्दाच्या सुरुवातीचा ‘अ’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑन’चा उरलेला तुकडा आहे. ‘अलाइव्ह’मध्येही तोच. म्हणजे ‘अस्लीप’ हा मुळात ‘झोपेत’ असा शब्द. मी एवढंच सांगून थांबले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, मग बरोबरच आहे. ‘बाळ झोपेत आहे’ म्हणतो आपण. ‘झोपेत बाळ’ कुठं म्हणतो?’’