नवी यंत्रं, दातांचा दवाखाना आणि आपण

घरातल्या सगळ्यांची दुखणी निस्तरून झाली, मुलांच्या फिया भरून झाल्या, सासूबाईंच्या चष्म्याची काच बदलून झाली, की उरल्यासुरल्या पैशांत आपल्या दाढेचा नंबर लागतो. तोवर लवंगेच्या तेलाचा बोळा आहेच. आमच्या बार्शीकडे कडक भाकरी हा दातांचा खरा दाखला. एरवी ती कडाकडा मोडून खाणारी बाई आमटीत भिजत घालायला लागली, की खुशाल समजावं, बाईची दाढ गेली आहे आणि ती कुणाला सांगत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी धाकटी जाऊ दातांची डॉक्टर आहे. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी तिच्या दवाखान्यात नंबर लावणं, वही लिहिणं, पैसे घेणं ही कामं पाहते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका डॉक्टरांना जे सांगत नाहीत ते मला सांगतात. एका खुर्चीचा हा दवाखाना कसा वाढला, त्यात कोणती यंत्रं आली आणि कोणतं मुद्दाम आलं नाही, हे मी जवळून पाहिलं. यंत्रांशी आपला काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, दवाखान्यात आलेल्या प्रत्येक यंत्राचे पैसे शेवटी तुमच्या-माझ्या डाळीच्या डब्यातूनच जातात. तेव्हा कोणतं यंत्र कशासाठी, हे आपल्याला कळलेलं बरं.

आधी कुकर

२०१४ साली दवाखाना थाटला तेव्हा घरात पहिला वाद झाला तो खुर्चीवरून. दीर म्हणाले, "पेशंट आधी खुर्ची बघतो. चकचकीत घे." जावेनं वापरलेली खुर्ची घेतली आणि वाचलेल्या पैशांत चांगला ऑटोक्लेव्ह आणला. ऑटोक्लेव्ह म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला प्रेशर कुकरच. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, त्याच्या वर तापत नाही, आणि काही चिवट जंतूंची बीजं त्या उष्णतेला दाद देत नाहीत. झाकण घट्ट लावून १५ पौंडांचा दाब दिला की वाफ १२१ अंशांवर जाते. तूरडाळ लवकर शिजते ती त्यामुळेच. त्या वाफेत हत्यारं पंधरा-वीस मिनिटं राहिली की ती बीजंही मरतात. दाताच्या कामात रक्त येतंच, आणि 'ब' प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. त्यामुळे नुसतं उकळलेलं किंवा स्पिरिटनं पुसलेलं हत्यार पुरत नाही.

तिनं हा ऑटोक्लेव्ह आतल्या खोलीत न ठेवता बाकावरून दिसेल असा मांडला. हत्यारांचं पाकीट पेशंटसमोरच फाडायचं, पाकिटावरच्या खुणेचा रंग वाफेत बदलतो तोही दाखवायचा. पुरुषमंडळी खुर्चीकडे बघून नाक मुरडत, बायका मात्र कुकर बघून आत येत. पहिल्या दोन वर्षांत जो काही दवाखाना चालला तो या कुकरवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या डोळ्यांनी आपली दाढ

दुसरं यंत्र आलं ते एक्स-रेचं. क्ष-किरणांचा शोध रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९५ च्या नोव्हेंबरात लावला आणि १८९६ च्या जानेवारीत वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा फोटो काढलासुद्धा. त्यासाठी म्हणे त्याला २५ मिनिटं न हलता राहावं लागलं! आता ते काम सेकंदाच्या काही भागात होतं. जावेकडे आधी फिल्म होती. ती तोंडात धरायची, मग औषधाच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, आणि शेवटी नखाएवढा काळा तुकडा उजेडात धरून डॉक्टरांनी म्हणायचं, "ही बघा कीड." आपल्याला कप्पाळ काही दिसत नसे!

२०१७ मध्ये आर.व्ही.जी. आलं. तोंडात एक छोटा सेन्सर, त्याची वायर संगणकाला, आणि पाहतापाहता आपली दाढ पडद्यावर, तळहाताएवढी. कीड नसेपर्यंत गेलेली असली तर काळी सावली कुणालाही दिसते. मी शिक्षिका, मला ठाऊक आहे, फळ्यावर आकृती काढल्याशिवाय मुलांच्या डोक्यात उजेड पडत नाही. इथंही तेच झालं. "डॉक्टर उगाच खर्च सांगतात" असं पुटपुटणारे लोक स्वतःच विचारू लागले, "मग आता काय करायचं?"

किरणांची भीती पुष्कळ बायकांना वाटते. एका दाताच्या फोटोत जेवढे किरण अंगाला लागतात तेवढे एका दिवसात निसर्गातूनच आपल्याला मिळतात, बहुधा जास्तच. तरीही दिवस गेलेले असतील तर आधी सांगावं. दिवसांवरूनच आठवलं. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हा समज अजून घट्ट आहे. तसं होत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि उलट्यांमधल्या आम्लानं दात झिजतात. या दिवसांत दाताला हात लावायचा नाही, असंही नाही. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' म्हणून दुखणं वाढवून घेणाऱ्या मुली मी दर महिन्याला पाहते.

एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी

दाताची नस काढायची, म्हणजे रूट कॅनाल करायचं, तर पूर्वी हातानं बारीक सुया फिरवून मुळं साफ करीत. चार-पाच खेपा सहज व्हायच्या. शहरात त्याचं काही वाटत नाही, पण वैराग किंवा पांगरीहून येणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला एस.टी.चं भाडं आणि दिवसाची मजुरी मोजावी लागते. दुसऱ्या खेपेनंतर ठणका थांबायचा, बाई यायची बंद व्हायची. आमच्या वहीत अशा अर्धवट राहिलेल्या नावांची एक वेगळी यादीच होती. वर्ष-सहा महिन्यांनी तीच बाई फुटलेली दाढ घेऊन यायची, आणि तेव्हा ती काढण्यावाचून इलाज नसायचा.

मोटारीवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या सुया आल्या आणि हे चित्र पालटलं. या सुया वाकड्या मुळात वाकून जातात, त्यामुळे पुष्कळदा एका-दोन खेपांत काम उरकतं. दर थोडा वाढवावा लागला. मला वाटलं, गावाकडच्या बायका कुरकुर करतील. पण पांगरीच्या एक मावशी बोटं मोडत म्हणाल्या, "दोन रोज बुडाले न्हाईत, भाडं वाचलं. म्हंजे स्वस्तच पडलं की." मग त्यांनी सुनेला आणलं, सुनेनं शेजारणीला. जाहिरातीवर जावेनं एक रुपया घातला नाही.

(एक सांगून ठेवते. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर बहुतेक वेळा कॅप बसवावी लागते. ठणका गेला म्हणून कॅप टाळली की दाढ फुटते आणि सगळा खर्च पाण्यात जातो.)

पैसे न मिळवणारा कॅमेरा

पेनाएवढा एक कॅमेरा असतो. तोंडात फिरवला की गालाची आतली बाजू, जीभ, हिरडी सगळं पडद्यावर दिसतं. पुष्कळ दवाखान्यांत तो दात पांढरे करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो दाखवायला वापरतात. आमच्याकडे त्याचा खरा उपयोग झाला तो मिश्रीसाठी.

मिश्री म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना चोळत बसायचं. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लागते, कारण भाजली तरी ती तंबाखूच. विडी ओढणाऱ्या नवऱ्याला बोल लावणाऱ्या कितीतरी सभ्य, देवाधर्माच्या बायका स्वतः मिश्री लावतात आणि ते व्यसन आहे हे त्यांच्या गावीही नसतं. बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली इथंच सुरू झाली. तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट आमच्या गावाला नवी नाही.

साठीच्या एक आजी कवळीचं विचारायला आल्या होत्या. जावेनं कॅमेरा फिरवला. गालाच्या आत, जिथं मिश्रीची चिमूट धरायची जागा, तिथं रुपयाएवढा पांढरा चट्टा. दुखत नव्हता, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. तोंडानं शंभरदा सांगून जे झालं नसतं ते त्या चित्रानं केलं. आजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे माझंच हाय का?" त्यांना चिठ्ठी देऊन कॅन्सर हॉस्पिटलात पाठवलं. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला नाही. पण असा चट्टा पुढं बिघडू शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायला बोलावलं आहे. मिश्री सुटली म्हणतात. सून म्हणते, सुटली नाही, कमी झाली. या कॅमेऱ्यानं दवाखान्याला कमाई अशी काही दिली नाही. नाव मात्र दिलं.

जे यंत्र आलं नाही

आता वादाची गोष्ट. पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रूसारखी टायटॅनियमची खुंटी बसवून तीवर दात लावतात, तो इम्प्लांट. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं तर निघेना, हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. त्यावर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. विद्या मोठीच. शेजारचे चांगले दात घासावे लागत नाहीत, कवळीसारखं काढघाल नाही. पण हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मधुमेह आटोक्यात नसला किंवा तंबाखू चालू असली तर धोका वाढतो, आणि खर्च भारी.

इम्प्लांटसाठी जबड्याचा त्रिमितीय फोटो घेणारं सी.बी.सी.टी.चं यंत्र लागतं. एजंट घरी आला. यंत्र ३० लाखांच्या घरात, कर्ज सात वर्षांचं, हप्ता महिना ५० हजारांच्या वर. दीर तयार होते. सासरे म्हणाले, गावात दुसऱ्यानं आधी आणलं तर हात चोळत बसाल. त्यांचंही खोटं नव्हतं.

जावेनं चार दिवस विचार केला आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मशीन आलं की हप्ता आला. महिन्याला एवढे फोटो आणि एवढे इम्प्लांट झालेच पाहिजेत, असं डोक्यात बसणार. मग तीन हजारांच्या कवळीत भागणाऱ्या आजीला मी कवळी सांगेन का?" यावर कुणी बोललं नाही. दिरांनी मात्र आठवडाभर अबोला धरला होता.

शेवटी फोटोसाठी सोलापूरला पाठवायचं आणि इम्प्लांटसाठी तज्ज्ञ डॉक्टरांना महिन्यातल्या दोन रविवारी बोलवायचं, असं ठरलं. काही पेशंट गेले. गावात नंतर आलेल्या एका झगमगीत दवाखान्यात सगळं एका छपराखाली होतं, लोकांना ते आवडतं, आणि तिथं वाईटच काम होतं असं मी म्हणणार नाही. पण एका मैत्रिणीला तिथं एका दाढेसाठी गेली असता चार इम्प्लांटचा कागद मिळाला, तो घेऊन ती आमच्याकडे आली. जावेनं दोन दात वाचतील म्हणून सांगितलं. ते आजही तिच्या तोंडात आहेत.

तेव्हा तुम्हीही विचारायला लाजू नका. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाटीवर आहे का? पाकीट माझ्यासमोर फाडलं का? फोटोत मला दाखवाल का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, हे आत्ता केलं नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. जावेनं तर आता छापील कागदच केला आहे, मराठीत. कोणतं काम आत्ता हवं, कोणतं सहा महिने थांबेल, कोणतं नाही केलं तरी चालेल, आणि प्रत्येकाचा खर्च. कारण बायका "ह्यांना विचारून येते" म्हणून जात आणि घरी नीट सांगता न आल्यामुळे परत येत नसत. कागद नवऱ्यापुढे ठेवता येतो.

आणखी एक बदल तिनं केला, त्याला छदाम लागला नाही. दवाखाने दुपारी बंद असतात. पण स्वयंपाक-धुणं उरकून, मुलं शाळेत असताना बाईला वेळ मिळतो तो नेमका एक ते चार. आठवड्यातले दोन दिवस दुपारी दवाखाना उघडा ठेवायला सुरुवात केली आणि या वेळेला गर्दी इतकी वाढली की गेल्या दिवाळीनंतर दुसरी खुर्ची घ्यावी लागली. या खेपेला नवी कोरी घेतली. तिचा हप्ता आहे, पण तो दोन दुपारच्या कामातून निघतो. खुर्चीवर गावातलीच एक नवी बी.डी.एस. झालेली मुलगी बसते. एजंटाचा फोन अजून अधूनमधून येतो. मीच उचलते.