रंगीत तालीम : 'डायाब्लो ४'चा पहिला परिचय

नाटकाचा पहिला प्रयोग होण्यापूर्वीं त्याची रंगीत तालीम होते, हें वाचकांस ठाऊकच आहे. वेषभूषा, पडदे, दिवे हें सारें खऱ्या प्रयोगाप्रमाणें असतें. मात्र पडदा कोठें अडकतो, कोणतें भाषण लांबतें, हें अद्यापि पाहावयाचें असतें. संगणकावरील खेळ बनविणारेहि अशीच तालीम ठेवतात व तिला 'बीटा' चांचणी म्हणतात. फरक इतकाच कीं, या तालमींत प्रेक्षक हेच नट असतात, आणि त्यांनीं मिळविलेलें बहुतेक सारें अखेरीस पुसून टाकलें जातें.

२०२३ सालच्या मार्च महिन्यांत 'डायाब्लो ४' या खेळाची अशी चांचणी झाली. कॅलिफोर्नियांतील 'ब्लिझार्ड' कंपनीच्या या मालिकेंतील दुसरा खेळ २००० सालीं व तिसरा २०१२ सालीं आला होता. चौथ्याचें दार आगाऊ नोंदणी करणारांस १७ मार्चला व इतर सर्वांस २४ मार्चला, थोड्या दिवसांपुरतें उघडलें. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास असलेली आमची पुतणी दुसऱ्या खेपेस आंत शिरली, आणि कुतूहलानें मीहि खुर्ची ओढून तिच्या शेजारीं बसलों.

खेळणारानें आरंभीं आपलें सोंग निवडावयाचें असतें. बलदंड योद्धा, चपळ तिरंदाज व मांत्रिक हीं तीन सोंगें पहिल्या आठवड्यापासून होतीं. पशुरूप धारण करणारा ड्रुइड व मृतांस उठविणारा नेक्रोमान्सर यांची भर दुसऱ्या आठवड्यांत पडली. पुतणीनें शेवटचें निवडलें. माडीवरून अंगण दिसावें त्याप्रमाणें सारा प्रदेश वरून, किंचित् तिरपा दिसतो. बर्फानें झांकलेले डोंगर, विझत आलेल्या शेकोट्या आणि मंद, उदास संगीत यांनीं मन लगेच वेधलें. क्योवाशाड नगराच्या वेशीपाशीं तर लाकडावर आपलें पाप कोरून तें अग्नींत टाकल्यावांचून प्रवेशच मिळत नाहीं! कथेंतील लिलिथ ही राक्षसी केवळ शस्त्रबळानें जिंकीत नाहीं. माणसाच्या मनांत दडलेल्या वासनांस ती वाट मोकळी करून देते. तिची भीति वाटते ती यामुळेंच.

रक्तपात मात्र पुष्कळ आहे. युरोपांत हा खेळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठींच ठरविलेला आहे. म्हणून घरांतील लहान मंडळींस आम्हीं आजीच्या खोलींत पाठविलें.

या तालमींत कथेचा पहिला अंक तेवढा खुला होता व पंचविसाव्या पायरीपलीकडे कोणासहि जातां येत नव्हतें. रविवारीं रात्रीं पुतणीनें विसावी पायरी गांठली. तिचें बक्षीस म्हणून पाठीवरच्या झोळींत निजलेलें लांडग्याचें एक पिल्लूं मिळावयाचें होतें, तेंहि खरा खेळ निघाल्यावर! बाकी शस्त्रें, चिलखतें, पायऱ्या, सारें जाणार होतें.

"तीन रात्री जागून मिळविलेलें पुसलें जाणार, मग हा खटाटोप कशाला ग?" वहिनींनीं विचारलें.

"अग आई, त्यांना चुका सांपडल्या म्हणजे झालें," ती म्हणाली.

चुका सांपडल्याहि. भुयारांत त्याच त्या वाटेनें वारंवार मागें फिरावें लागतें, अशी पुष्कळ खेळाडूंची तक्रार होती. एप्रिल महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं, भुयारांची रचना बदलून ती पायपीट कमी करण्यांत येईल; योद्ध्यास होणारी इजा शेंकडा १० नें घटविण्यांत येईल; आणि नेक्रोमान्सरची सांगाड्यांची फौज अधिक वेळां मरेल. हें शेवटचें वाचून पुतणी हिरमुसली. तिच्या आवडत्या गोष्टीवरच कात्री चालली होती! परंतु थोड्या वेळानें तिनेंच कबूल केलें, "काका, खरें सांगूं? लढत होती ती फौज. मी नुसती मागून चालत होतें."

मला वाटतें, तालमीचें सार यांत आलें. जें खटकतें तें आपण लगेच सांगतों. जें फार सोपें म्हणून आवडतें, त्याचा दोष दुसऱ्यानेंच दाखवावा लागतो.

मे महिन्यांत आणखी एक चांचणी झाली, ती मुख्यतः गर्दीपुढें सर्व्हर तग धरतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं. आणि ६ जून २०२३ रोजीं खेळ प्रसिद्ध झाला. पुतणीनें पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ केला. पूर्वींचें कांहींच शिल्लक नव्हतें. पाठीवरच्या झोळींत तें पिल्लूं तेवढें निजलें होतें.